लांब गाडी

फायलीत लिहिलं होतं: डॅशहुंड, नर, वय अंदाजे सात.
'अंदाजे' या शब्दाशी माझं जुनं सख्य.
एकतीस वर्षं कदंबा चालवली,
पणजी-वाळपई, सगळ्या वेळा अंदाजेच.

हळदोण्याच्या पुढे, माडांत, तो निवारा.
पिल्लांपाशी गर्दी.
हा मागे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत,
चिऱ्याच्याच रंगाचा, म्हणून आधी दिसलाच नाही.
लविना म्हणाली, याची माणसं लिस्बनला गेली, तिथून इंग्लंडला.
घराला कुलूप, चावी शेजाऱ्याकडे,
कुत्रा कुणाकडेच नाही.
रागाने नाही सांगितलं तिने.
मलाही राग आला नाही,
माझाच भाचा गेलाय.

मग तिने यादी वाचली.
थायरॉइडची अर्धी गोळी, सकाळी, अनशापोटी.
उजव्या कानात थेंब, आठवड्यातून दोनदा.
चार दात काढलेले. वजन किलोभर जास्त.
कमरेत एक मणका जरासा सरकलेला,
उडी नको, जिना नको, आणि उचलताना
एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली,
मधे झोळ पडता कामा नये.
मी शर्ट वर करून तिला माझा पट्टा दाखवला.
शालन म्हणाली, पुरे.

अशी गाडी सांखळीला आली.
चासी लांब, जमिनीपासून चार बोटं वर.
स्वयंपाकघराच्या दारात वळताना
पुढचं चाक मोरीपाशी पोचलेलं असतं
आणि मागचं अजून देवघरात.
रिव्हर्स येत नाही. माझ्यासारखंच.

सुकडो मेस्ताने फणसाच्या फळीचा उतार करून दिला,
वर काथ्याची पट्टी ठोकली.
पैसे विचारले तर म्हणाला,
चढायचे देयात, उतरायचे नाका.
तीन दिवस हा फळीला पाय लावीना.
चौथ्या रात्री, गल्लीतले दिवे गेल्यावर,
मी स्वतः चार पायांवर चढून दाखवलं.
सुकडोच्या बायकोने पाहिलंच.

नाव पेपे. ते तेवढं कळायचं त्याला.
'ये' म्हटलं की बघायचा, यायचा नाही.
आम्हाला वाटलं, कान.
मग एकदा मासळीवाली पाटी उतरवताना सहज म्हणाली,
'यो रे, हांगा यो',
आणि तो आला,
आधी कान, मग पाय,
आणि बऱ्याच वेळाने शेपटी.
आता घरात आम्ही दोघं मराठी बोलतो
आणि त्याच्याशी कोकणी.
शालनची कोकणी सुधारली आहे,
भांडण झालं की मला तीच ऐकवते.

दुपारी डॉक्टरने सांगितलं म्हणून मी जमिनीवर आडवा होतो.
तो येऊन समांतर पडतो, हातभर अंतर ठेवून.
काजूच्या बोंडांचा वास खिडकीतून येतो.
दोघांनाही तिथे जायची परवानगी नाही,
वेगवेगळ्या कारणांनी.

फक्त सकाळी,
पोदेराचा भोंगा वाजला की
तो उतारावरून खाली जातो, फाटकाशी बसतो.
पाव नको असतो त्याला.
सायकल येते, जाते.
तो तिच्या पलीकडे बघतो,
वडाजवळच्या वळणापर्यंत.
मी हाक मारत नाही.
स्टॉपवर उभ्या माणसाला
'ती गाडी बंद झाली' असं सांगणं
मला नोकरीतही जमलं नाही.
डेपोत सगळे हसायचे.

आजही गेला.
आज मी मागोमाग गेलो, अर्धी गोळी हातात.
वळण रिकामं झालं, धूळ बसली.
तो उठला, दोन पावलं मागे सरकला
(म्हणजे रिव्हर्स येतो!)
आणि माझ्या पायावर बसला.
तोंड अजून रस्त्याकडेच.
पायावर वजन,
अंदाजे नऊ किलो.