खुलासा

मुख्याध्यापक साहेब,
आपली नोटीस मिळाली. तीन दिवसांत लेखी द्या म्हणालात.
देतो.

मानवतच्या या मैदानावर
एकवीस वर्षं मी शिटी गळ्यात घालून उभा आहे.
दर जूनला वहीत चार रकाने आखतो :
नाव, हजेरी, गणवेश, शेरा.
शेरा बहुतेक कोराच राहतो,
गणवेश मी लाल शाईनं भरतो.

शनिवारी पांढरं. बुटांना खडूची पूड.
हा नियम कोणी केला, ठाऊक नाही.
मी रुजू झालो तेव्हा तो होता,
झेंड्याच्या खांबासारखा, ओट्यात पक्का.

दिवाळीनंतर पलीकडच्या जिनिंगमधून
रुई उडत येते, कुंपणाच्या तारेला लोंबते.
काळ्या रानातून एवढं पांढरं निघतं या गावात,
पण पांढऱ्यावर काळ्या मातीचा हात दिसला
की पोराला आपण रांगेबाहेर काढतो.

रांगेबाहेर म्हणजे कडुनिंबाखाली.
तिथं बसतात गणवेश नसलेल्या, बूट नसलेल्या,
आणि सगळं असूनही न खेळणाऱ्या.
"काय झालं गं?"
"पोट दुखायलंय, सर."
मी लिहितो : पोटदुखी.
सातवीत दोन. आठवीत पाच. नववीत अकरा.
दहावीत खो-खोला नऊ जणी भरत नाहीत.

संजीवनी मस्के सातवीत होती तेव्हा
खांबाला असा वळसा घ्यायची
की खांबच फिरला वाटायचं.
तालुक्याला गेली, जिल्ह्याला गेली,
नववीत कडुनिंबाखाली गेली.
तिथं आठ लिंबोळ्या ओळीनं मांडते,
एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं,
आणि बोटानं पळते त्यांच्यामधून.
मी म्हणालो, "नाटकं पुरे झाली."
हे वाक्य वहीत नाही. म्हणून इथं लिहितो.

मग त्या शनिवारी नाजमीन सय्यदनं
सूर मारला आणि उठलीच नाही.
लागलं असेल म्हणून धावलो,
तर पोरींनी तिच्याभोवती कडं केलं,
पाठी माझ्याकडं, ओढण्या ताणलेल्या.
असा बचाव मी कुणाला शिकवला नव्हता.
शिपाई कलावतीबाई घंटेचा टोल हातात तसाच घेऊन आल्या,
वर्गातली सतरंजी तिच्या कमरेला गुंडाळली,
आणि जाता जाता, माझ्याकडं न बघता :
"पांढरंच कायला लागतंय, सर?"

रात्री बायकोला विचारलं.
ती भाकरी थापत होती, थांबली नाही.
"थोरली तुमच्याच शाळेत होती ना,
तिनं शनिवारी खेळाचा तास कधी केला,
बघा एकदा वहीत."

माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या.
नववी ब.
माझंच आडनाव, माझंच अक्षर,
ओळीनं सहा शनिवार : पोटदुखी.
मी तिचा बाप होतो, आणि
तिला विचारलंही नव्हतं, औषध हवं का.

पुढच्या शनिवारी मी सांगितलं,
जिच्याकडं जे असेल ते घालून या.
जांभळं आलं, पोपटी आलं,
भावाची जर्सी आली, पाठीवर दहा नंबर,
बियाण्याच्या कंपनीचा फुकटातला टी-शर्ट आला,
छातीवर कापसाचं बोंड.
दोन डाव झाले. माती सगळ्यांना सारखीच लागली.
तुम्ही व्हरांड्यातून पाहिलंत
आणि म्हणालात, ही शाळा आहे की आठवडी बाजार.
खरं आहे, साहेब, दिसत तसंच होतं.
फक्त पंचवीस जणी पळत होत्या.

तिसरा रकाना मी या महिन्यापासून आखलेला नाही.
वेतनवाढ रोखायची तर रोखा.

एकच राहिलं.
संजीवनी अजून खेळत नाही.
घरून निळा ट्रॅक घालून येते
आणि कडुनिंबाखाली जाऊन बसते.
मी जवळ गेलो, शिटी खिशात ठेवली, विचारलं.
म्हणाली, "सवय मोडली, सर."
लिंबोळ्या संपल्यात, आता खडे मांडते.

याचा खुलासा
माझ्याकडं नाही.

कळावे.