मधला दोरा

चिंगी मुंगी चाळीस सूत,
भोंगा झाला, पळालं भूत,
लाल दोरा, हिरवा दोरा,
मधला दोरा कोणाचा?

एवढंच गाणं. शेवटी दोन टाळ्या, रिकाम्या.
मग ज्याच्यावर बोट येईल
त्यानं स्वतःचं नाव ओरडायचं
आणि गोलातून बाहेर.
साखर पेठेतल्या त्या बोळात
पत्रे उन्हानं तडतडत असताना
हजारदा म्हटलं असेल आम्ही हे,
अर्थ कुणी विचारला नाही.
पेपरमिंटला कुणी अर्थ विचारतं का?

अर्थ आले नंतर, पोरांना मिशा फुटल्यावर.
शिवशरण म्हणाला, भूत म्हणजे गोरा साहेब,
मार्शल लॉच्या दिवसांतलं आहे हे,
मोठ्यांनी पोरांच्या तोंडी दिलेला निरोप.
महबूबनं त्याच्या नानीकडून प्लेग आणला:
मुंगी म्हणजे काखेतली गाठ,
चाळीस म्हणजे एका रात्रीतली मढी.
माझा पुतण्या युनियनचा, त्याला संप दिसतो:
लाल म्हणजे बावटा, हिरव्या म्हणजे नोटा,
आणि मधला
फितूर.

मला प्रत्येक अर्थ पटला.
तेच खटकलं.
सगळी कुलपं उघडते ती किल्ली नसते,
चोराचा खिळा असतो.

मागच्या चैत्रात विडी घरकुलात गेले,
नरसूबाई गड्डमकडे.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
डाव्या हाताला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं.
ऐंशी उलटल्यात, कात्री अजून न बघता चालते.

"एमो! अर्थ कशाचा बे?
दिवसाला हजार विड्या.
मान वर केली की दहा गेल्या.
पोरं गल्लीत, डोळे सुपात,
मग उरलं काय?
कान.
आम्हीच शिकवलं तुम्हाला ते.
एकेक नाव आलं
की एकेक आई श्वास सोडायची.
तू लई बारीक ओरडायचीस.
तुझ्या आईचा दोरा तुटायचा तोवर."

आणि भूत?
"सुताला जुळतं म्हणून."
चिंगी?
"माझी शेळी होती की.
तुझ्या बापाचा सदरा खाल्लेली."

हसले मी. इतक्या वर्षांचा मार्शल लॉ
एका शेळीनं चघळून टाकला.
उठता उठता, सहजच, विचारलं:
शेवटच्या त्या दोन टाळ्या?

कात्री थांबली.

"त्या आम्ही नाही शिकवल्या."

मग बराच वेळ पानाच्या शिरा खरवडत राहिली.
"यंकूबाईचा धाकटा.
तू रांगत असशील तेव्हा.
एका दुपारी गाणं झालं, सगळी नावं झाली,
त्याचं आलं नाही.
यंकूबाईनं सूप तसंच फेकलं,
उंबऱ्यापासून नळापर्यंत तंबाखू."

मी वाट पाहिली. पुढचं तिनं सांगितलं नाही.
एक विडी वळली, तोंड दुमडलं, दोरा बांधला,
मग म्हणाली:

"थोरली पोरं त्याच्या जागेला टाळ्या वाजवायला लागली.
यंकूबाई ऐकत बसायची.
आम्ही म्हटलं, बंद करा रे.
ती म्हणाली, राहू द्या.
पुढं तुम्ही बारकी आलात,
तुम्हाला वाटलं गाणंच तसं आहे."

दोनच का?
"नाव दोन अक्षरी होतं."
काय होतं?

तिनं वर पाहिलं. पत्र्याकडे, माझ्याकडे,
पुन्हा पत्र्याकडे.
"एमो," म्हणाली.
आणि या वेळी तो शब्द
पहिल्यासारखा उडाला नाही, सुपातच पडला.

परतताना रिक्षात, अशोक चौकापर्यंत,
गुडघ्यावर दोन बोटं आपटत होते.
मल्लू. ईरा. नर्सू. राजू.
रिक्षावाला आरशातून बघत होता.
प्रत्येक नाव बसत होतं.