दोन बोटं माया

उलव्याच्या साइट ऑफिसातल्या मुलाने
दोन चकचकीत कागद पुढे सरकवले.
ए टाइप, बी टाइप.
ए मध्ये हॉल एवढा मोठा
की चित्रातल्या सोफ्यावर बसलेल्या बाईला
समोरचा टीव्ही नीट दिसत नसणार.
बी मध्ये हॉल आखूड, मधे वाकडा पॅसेज,
आणि पॅसेज म्हणजे वाया गेलेली जागा, मॅडम,
हे त्याचंच वाक्य.

मी एकवीस वर्षं ब्लाउज शिवते, घणसोलीत.
कागदावरचं माप कळतं मला,
अंगावर चढवून बघितल्याशिवाय पटत नाही.

रविवारी भाड्याच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेलो सगळे.
तात्यांना खुर्चीसकट उचलून आणलं.
पाण्याच्या टाकीपासून डिशच्या खांबापर्यंत
कापडावरच्या निळ्या खडूने
मी ए टाइप आखला, खऱ्या मापाचा.
साठ इंची टेप,
दुसरं टोक शलाकाच्या हातात.
दर वेळी तिचा अंगठा थोडं माप खायचा,
तेवढं घर मी परत मिळवायची.

म्हटलं, आता राहा.
रोज राहता तसे.

शलाकाने तिच्या खोलीत जाऊन
नसलेलं दार आपटलं.
गजेंद्रभावोजी महाप्याची रात्रपाळी संपवून आलेले,
ते बेडरूममध्ये खरोखरच आडवे झाले
आणि डोळे न उघडता म्हणाले,
वहिनी, तुमचा मिक्सर माझ्या उशाशी येतोय.
यांनी हॉलमध्ये उभं राहून
पाहुणे किती मावतील ते मोजलं.
आमच्याकडे पाहुणे येतात
गणपतीचे दीड दिवस.

मग तात्या उठले.
रबाळ्याच्या कंपनीत तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवलेला माणूस,
आता एक हात, एक पाय
उसने आणल्यासारखे.
वॉकर टेकत निघाले संडासाकडे.
आधी हॉल,
मग ह्यांचे न आलेले पाहुणे,
मग टेबलाला वळसा.
दाराशी आले.
दार दोन फूट, वॉकर पंचवीस इंच.

खडूची रेघ होती, पाय पुढे टाकला असता तरी चाललं असतं.
नाही टाकला.
भिंत आहे म्हणून
भिंतीबाहेर उभे राहिले,
आणि आमच्यातल्या कुणाकडेच बघितलं नाही.

मी ओल्या फडक्याने ए टाइप पुसला.

बी आखला तेव्हा ऊन टाकीच्या ह्या बाजूला आलेलं.
तो वाकडा पॅसेज
तात्यांच्या खोलीतून संडासापर्यंत, बास.
सहा पावलं.
हात लांब केला की भिंत.
मिक्सर पार पलीकडे गेला.
तात्यांनी चांगला हात हवेवर टेकवला
आणि चालले.
परतही आले.
हे म्हणाले, हॉल मात्र लहान दिसतोय हं.
कुणी उत्तर दिलं नाही.

दार इथेही दोनच फूट.

शिवताना आम्ही आत दोन बोटं माया सोडतो.
बाई बाळंतपणाने सुटते, आजारपणाने वाळते,
वर्षभराने तोच ब्लाउज घेऊन परत येते.
माया असली तर उसवून देता येतं.
बिल्डर अगदी काठावर शिवतो,
आणि वर कापडाचे पैसे बाजारभावाने.

सोमवारी त्या मुलाला फोन केला.
बी टाइप. संडासाचं दार सहा इंच रुंद हवं,
विटा लागायच्या आधी सांगतेय.
मॅडम, सहा इंच आणू कुठून?
म्हटलं, हॉलमधून काढ.
तो लिहून घेत होता की हसत होता,
फोनवर समजलं नाही.
मंगळवारी टेप घेऊन मीच उलव्याला गेले.

गच्चीवरचा खडू आठवडाभर टिकला.
तिसऱ्या मजल्यावरच्या ठोंबरेबाईंनी
मिरच्या वाळत घातल्या,
बरोब्बर आमच्या हॉलमध्ये.
पॅसेज मोकळा ठेवला होता.