मोगऱ्याला ताण

खोबरेल तेल बाटलीच्या गळ्याशी
जरासं पांढरं धरलंय आज.
कोपरखैरण्यात थंडी मोजायचं एवढंच यंत्र.
वहीत लिहिते : १९ डिसेंबर, सकाळी सात,
तेल अर्धवट. आकाश धुरकट.
गच्चीवर तेवीस कुंड्या, रंगाचे दोन डबे
आणि मासळी बाजारातून आणलेलं थर्माकोलचं खोकं,
तीनदा धुतलं तरी मांजरांना अजून आठवतं.

रबाळ्याच्या रंग कंपनीत एकतीस वर्षं
पिपेट धरून काढली.
सवय जात नाही. वहीला तीन रकाने :
तारीख, निरीक्षण, निष्कर्ष.
टोमॅटो : पाचव्या पानाखाली पिठ्या ढेकूण.
कापसाच्या बोळ्याने, स्पिरिट लावून, एकेक.
शेवंती : फुलून दमलेली.
पालक : बरा. कबुतरांचंही तेच मत.
समोरच्या टॉवरची धूळ पानापानावर.
ओल्या फडक्याने पुसते,
तापातल्या माणसाचे हात पुसावेत तशी.

ऋजुता दिवाळीला आली दोन बॅगा घेऊन.
त्यातली एक अजून उघडलेली नाही.
अकरापर्यंत झोपते.
मी चहा नेऊन ठेवते, मग पोहे, मग दूध,
मग तिच्या दाराशी उगाच केर काढते.
"काही ठरलं का?" हा प्रश्न
दिवसातून सात वेळा गिळते
आणि आठव्यांदा विचारते.

थर्माकोलच्या खोक्यात वाल लावले होते.
रोज तांब्याभर पाणी. तरी पिवळे पडले.
शेजारच्या धर्मीबाई मढवी
कठड्यावरून वाकून बघत होत्या.
"अगो, पानी नको घालू त्याला.
वाल दवावर येतो. तू बुडवतेस."
मग हात लांब केला
गल्लीपलीकडच्या जिमपर्यंत.
"तिथवर आमचं भात. कापला का त्याच ओलीवर
सासू वाल टाकायची.
शेंगा धरेपर्यंत परत बघायला जायची नाय."
थोडं थांबून,
"बघायची. पन लांबून."

पौषात मोगऱ्याला ताण द्यायचा,
हे मला माहीत आहे. जमत नाही.
पानं काढून टाकायची, फांद्या कापायच्या,
मुळांवरची माती बोटभर उकरायची
आणि तीन आठवडे तहान.
त्याच्या काड्या झालेल्या बघून
दरवर्षी नवव्या नाहीतर दहाव्या दिवशी
माझा तांब्या तिरका होतो.
मग चैत्रात पानंच पानं,
फुलं मोजून चार.

यंदा तांब्या खाली न्हाणीत ठेवून आले.
वर बसून पुढची पानं आखली :
माघात शेणखत, मग पहिलं भरपूर पाणी.
फाल्गुनात टोमॅटो उपटून तिथे काकडी.
दुधीला दोरी, टाकीच्या पाइपापासून.
होळीनंतर ऊन डोक्यावर येईल,
कुंड्या जिन्याच्या भिंतीकडे घ्यायच्या.
मोठी कुंडी आता एकटीने उचलत नाही.
हे निष्कर्षाच्या रकान्यात लिहिलं.
खोडलं.

बाराव्या दिवशी ती वर आली.
अंगात माझा जुना स्वेटर, केस तसेच.
मोगऱ्यापाशी उकिडवी बसली.
"मेला का हा?"
"नाही."
"मग पाणी का नाही घालत?"
स्पिरिटने बोटं गार झाली होती.
"विसरले नाहीये,"
एवढंच सुचलं मला.

ती बराच वेळ बसली. खालून भंगारवाला गेला,
मग चादरी विकणारा.
एमआयडीसीकडून तो ओळखीचा आंबूस वास आला
आणि वारा फिरल्यावर गेलाही.
तिने नखाने एका काडीची साल
तांदळाएवढी खरवडून पाहिली.
काय दिसलं ते सांगितलं नाही.
मी विचारलं नाही. पहिल्यांदाच.

आज वही उघडली
तर चैत्राच्या पानावर, माझ्या खाडाखोडीखाली,
उजवीकडे झुकलेलं अक्षर :
शेडनेट आणायचं. पन्नास टक्केवालं. हिरवं नको.
मोठी कुंडी उचलायची नाही,
खाली गोणपाट घालून ओढायची.