जसं आहे तसं

हडपसरला फर्निचरच्या गोदामावर तिसरा मजला.
संध्याकाळी सातला मी लॉग इन करते
आणि व्हिटलो घराण्याची पत्रं उघडते.
मॅसॅच्युसेट्सचं कुठलंसं बंदर, सतराशे अडुसष्ट.
पानाला चौदा रुपये.
सोनटक्के सरांनी भिंतीवर नियम चिकटवलाय:
जसं आहे तसं उतरवा. सुधारू नका.
खोडलेलं खोडल्यासकट.
लागलंच नाही, तर चौकटी कंसात 'अवाच्य'.

पहिला महिना त्यांचा लांब शेपटीचा एस
मला एफ दिसायचा.
त्यांचं पाप माझ्याकडे
माशाचा पर होऊन यायचं.

आता हात ओळखते.
थोरला जोसाया टाक दाबून लिहितो,
'आपला आज्ञाधारक सेवक' अशी सही ठोकून
त्याच आठवड्यात भावावर दावा लावतो.
टॅबिथाला कागद पुरत नाही.
आडवं लिहून झालं की पान फिरवते
आणि त्याच ओळींवरून उभं लिहित जाते:
मिऱ्यांचा भाव, धाकट्याचा गोवर,
मेणबत्त्या संपत आल्या, तू कधी येतोस.
(दोन पानांचा मजकूर, पैसे एकाचेच.
मी तक्रार केली होती.)

अडीचशे वर्षं कुणीतरी
या गोवराला कोरडी खोली दिली,
राखाडी पेटी दिली, सुती फीत दिली.
एकाही थंडीत
यातल्या एकाही पत्रानं चूल पेटवली नाही.

मग जोसाया गेला. मालमत्तेची यादी आली.
चांदीचे चमचे, अकरा.
घड्याळ, पितळी, बंद.
गाय, तांबडी.
ज्यूडा, मुलगी, वय सुमारे नऊ.
पिसांची गादी, एक, जुनी.
प्रत्येकापुढे किंमत, पौंडात.
अक्षर सुरेख. कारकुनाचा हात कुठे थरथरलेला नाही.

मी मागे गेले, तीनशे बारा पत्रं.
एकदाच, टॅबिथाच्या उभ्या ओळीत:
'मुलीनं पुन्हा कंदिलाची काच फोडली.'
तीच असेल. नसेलही.

आमच्या घरी कागद म्हणजे रेशन कार्ड आणि विजेचं बिल.
भावाच्या जात पडताळणीला पन्नासपूर्वीचा पुरावा मागितला
तेव्हा पप्पा तीन गुरुवार सासवडला गेले
आणि कोतवाल बुकाची नक्कल घेऊन आले. मोडीत.
शनिवारातल्या टिल्लूंनी पानाला दोनशे घेतले.
आजोबांच्या जन्माच्या ओळीला पेन्सिलीनं खूण केली,
आम्हाला तेवढीच हवी होती.
पण वाचायची सवय; खालचीही वाचून गेले:
'त्याच घरची, मुलगी, नाव नाही,
नवव्या दिवशी तापानं मयत.'
पप्पांनी नक्कल घडी करून खिशात घातली.
बसस्टॉपवर, दोन बस सोडून दिल्यावर म्हणाले,
म्हणजे मला एक आत्या होती.

रात्रीचे तीन. मजकूर उतरवून झाला की
उजवीकडच्या रकान्यात माणसं भरायची असतात.
चमचे नाहीत, गाय नाही, फक्त माणसं.
नाव: ज्यूडा.
आडनाव: लाल चांदणी, भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.
व्हिटलो लिहू?
चमच्यांवरही तेच कोरलेलं आहे.
रिकामी जागा मारली, चालली नाही.
रेघ मारली, चालली नाही.
शेवटी चौकटी कंसात लिहिलं: अवाच्य.

सकाळी पान परत आलं. सरांचा शेरा:
'अक्षर स्वच्छ आहे, अवाच्य का लिहिलंत?'

खाली उत्तराची चौकट उघडी आहे.
खालच्या गोदामात कुणीतरी शटर वर करतंय.
पान अजून माझ्याच नावावर दिसतंय.