वरची बाजू

डोरीन थ्वेट महिन्याकाठी एक चित्र आणते,
जुन्या चादरीत गुंडाळून, बसने,
आणि माझ्या टेबलावर पालथं ठेवते.

मोरकमच्या या दुकानात अकरा वर्षं मी चौकटी करते आहे :
लग्नं, कुत्री, शाळेची प्रशस्तिपत्रकं.
त्यांना वर-खाली असतं.

पहिल्यांदा मी विचारलं, वरची बाजू कुठली?
"तूच सांग."
चारदा फिरवलं.
एक करडा पट्टा, त्याच्या कुशीत शिरलेला दुसरा करडा,
कोपऱ्यात गाजरी रंगाची चीर.
"समुद्र आहे का?"

तिने माझ्या दारावरची पाटी उलटी केली,
भर दुपारी दोन वाजता,
आणि मला किनाऱ्यावरच्या बाकावर नेऊन बसवलं.
"तासभर बघ. नाव घ्यायचं नाही.
नाव घेतलंस की झाकण बसलं."

ओहोटी होती. मैलभर नुसती ओल.
मी मनात दुकानाचं भाडं मोजत होते.

तिचा बाप कोळंबी धरायचा,
घोडागाडी घेऊन त्या ओलीत उतरायचा.
"जास्त चकाकतं ते गिळतं," ती म्हणाली.
"एका करड्यातून दुसरा करडा वेगळा काढायचा,
एवढंच शिकवलं त्याने. चुकलं की घोडा गेला.
सुंदर हा शब्द आमच्या घरी नव्हता."

मला मिरजेची मावशी आठवली,
जिने मरेपर्यंत नवऱ्याचं नाव घेतलं नाही.
'इकडून' म्हणायची, नाहीतर नुसतं दाराकडे बघायची.
पण जिन्यावरच्या चपलांवरून ओळखायची
आज पगार झाला की भांडण.
काका घरभर होते,
नावाची जागा तेवढी सोडून.

हे सांगताना माझं इंग्रजी दोनदा अडखळलं.
डोरीन हसली नाही.
"म्हणजे तीही चित्रं काढायची," म्हणाली,
आणि थर्मासातला चहा मला न विचारता संपवला.

मग ढग सरकला.
ओलीवर काहीतरी आलं,
निळं नव्हे, राखेचं नव्हे, कडेला जांभळ्याची जरा कुरकुर.
"पारवा,"
माझ्या तोंडून निसटलं.

"काय म्हणालीस?"
नियम मोडला होता. मी समजावू लागले,
कबुतराच्या मानेवर...
"अर्थ नको. परत म्हण."
म्हटलं.
तिने बसच्या तिकिटावर लिहून घेतलं,
तिच्या अक्षरांत, चुकीचं.

आता मी मागे बाण काढत नाही.
चारही बाजूंना हुक लावते.
लँकेस्टरचा गॅलरीवाला फोन करून ओरडतो
की बाण विसरलात, आणि हुकांचे पैसे कोण देणार?

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं,
ऑक्टोबरपासून ती आलेली नाही.
शेवटचं चित्र भिंतीला टेकलेलं आहे, आडवं. निदान आज आडवं.

परवा दुकान बंद करताना वाटलं,
ती गाजरी चीर कशाची, ते मला कळलं.
फोन उचलला.
ठेवला.
कुलूप लावलं, परत उघडलं, पुन्हा एकदा बघून घेतलं,
आणि सहाची बस चुकली.