झोल

पिहूचा पृथ्वीगोल अरबी समुद्रात चेपलाय,
पलंगावरून पडला होता.
तो मांडीत घेऊन मी इंदूरवर अंगठा दाबला,
म्हणजे इंदूर जिथं असायला हवं तिथं;
छापणाऱ्यानं भोपाळवरच भागवलंय.
दोऱ्याचं दुसरं टोक विनिपेगवर.

मला वाटलं, दोरा मावळतीकडं जाईल,
इराण, युरोप, मग पाणीच पाणी.
ताणला तसा तो घसरत वर सरकला
आणि तट्ट झाला तेव्हा
उज्जैन, श्रीनगर, ओम्स्कच्या कडेकडेनं
ध्रुवाचा स्क्रू बोटभर लांब ठेवून
पलीकडं उतरत होता.

पट्टीवर अठ्ठावीस सेंटिमीटर.
पट्टीवर माझा विश्वास नाही.
लॉगच्या तक्त्याची पानं सुटलीत, तरी
अक्षांश, रेखांशांतला फरक, कोसाइन,
वीजबिलाच्या पाठीवर तीनदा केलं.
अकरा हजार नऊशे दहा किलोमीटर.
त्याचं विमान दिल्लीवरून गेलं,
मग आणखी कुठून कुठून.
ते मी धरत नाही.

आता याच्या साखळ्या करा.
तीस मीटरची एक.
तीन लाख सत्त्याण्णव हजार.

चोरलच्या पुढं रस्त्याची आखणी चालली होती
तेव्हा एक टोक माझ्या हातात असायचं,
एक गेंदालालच्या.
"खेंचो सायब!" तो ओरडायचा.
मी म्हणायचो, झोल आहे, अजून ताण.
दहा साखळ्या झाल्या की
मागून गोळा केलेले दहा बाण
मोजून माझ्या हातात.
एकदा नऊच भरले.
ऊन उतरेस्तोवर दोघं उलटे चाललो,
बोरीच्या जाळीत सापडला.
त्यानं तो धोतराला पुसला, मग दिला,
जसं काही मी तो ताटात घेणार होतो.

बायको गेल्यावर मुलानं नेलं त्याला.
मुलगा तिकडं ट्रक चालवतो.
फोनवर म्हणाला, "सायब, यहाँ तो मूँछ भी जम जाती है,"
आणि बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

म्हणजे तीन महिने मी चुकत होतो.
संध्याकाळी गच्चीवर
विमानतळाकडं तोंड करून उभा राहायचो.
तो तर उत्तरेला आहे,
दुबेंच्या काळ्या टाकीच्या मागं,
जिथं मी ओले टॉवेल टाकतो.

राहिल्या दुरुस्त्या.
उन्हात साखळी वाढते, थंडीत आखडते.
आज इथं सव्वीस, तिथं उणे तीस.
एकाच साखळीला दोन हवामानं
असा रकाना आमच्या वहीत नव्हता.
आणि झोलाची दुरुस्ती नेहमी वजा:
साखळी सांगते त्याहून
पलीकडचा माणूस थोडा जवळच असतो.

किती जवळ, ते काढायचं राहिलं.
बिलाची पाठ भरली.
बिल भरायची तारीख उद्या.